रुमालवाली एक की दोन

रविवार, चैत्र वद्य पंचमी. वेळ दुपारी तीन. ठिकाण: आमच्या खोलीपुढचा ओटा. हजर: आई, शेजारच्या सरूकाकू, चिंचवड गावठाणातून दूध घालायला येणाऱ्या तान्हाबाई, आणि मी, वय चौदा, वही सांभाळणारी. गैरहजर: अण्णा, म्हणजे माझे वडील. कारण: तत्त्व; बायकांची बैठक भरली की ते बाहेर पडत. काम: उडदाचे पापड. विषय: कालचा सिनेमा, 'रुमालवाली'.

हे सगळं मी त्या वेळी लिहिलं होतं तसंच उतरवते आहे. साल लिहिलेलं नाही, कारण साल आपल्याला माहीतच असतं असं चौदाव्या वर्षी वाटतं. पुढे नोकरीत इतिवृत्तं लिहायची सवय झाली तेव्हा ही चूक पुन्हा केली नाही. हजेरी मात्र पहिल्यापासून चोख. अण्णा पिंपरीच्या औषधांच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. कोणती वस्तू कोणत्या फळीवर आहे हे त्यांना झोपेत विचारलं तरी सांगता यायचं. घरातही मिठाची बरणी दोन बोटं सरकली तर त्यांना कळायचं. याद्या करण्याची सवय मला त्यांच्याकडून आली आणि त्या याद्यांमध्ये काय भरायचं ते आईकडून.

आम्ही कऱ्हाडकडून पिंपरीला आलो त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. एका ओळीत आठ खोल्या, पुढे सामाईक ओटा, मागे बाभळी आणि दिवसातून तीनदा कारखान्याचा भोंगा. त्या भोंग्यावर अख्खी चाळ भाकरी थापायची. आईचा आवाज गावाकडे विहिरीपासून वेशीपर्यंत जायचा. इथे आल्यावर पहिले सहा महिने ती फक्त चुलीशी बोलली. कोणाच्या बोलण्याला हसायचं, कोणाला कुठल्या नात्याने हाक मारायची, हे तिला कळेना. मी शाळेत, अण्णा कामावर. ती दुपारी दाराच्या चौकटीला टेकून रेल्वेचे डबे मोजायची. मग चैत्रात तान्हाबाईंच्या खळ्यावर टुरिंग टॉकीजचा तंबू लागला आणि आई पुन्हा बोलू लागली.

पीक घरात गेलं की खळं रिकामं. ते तंबूवाल्याला पावसाळ्यापर्यंत वापरायला दिलेलं, म्हणून तान्हाबाईंचा तंबूत मान मोठा. आम्ही बसायला आपापलं पोतं घेऊन रुळाच्या कडेने चिंचवडला चालत जायचो. मध्ये कनात, एकीकडे बायका, एकीकडे पुरुष. मागे विजेचं इंजिन धडधडायचं, त्याने पोटात गुदगुल्या व्हायच्या. मशीन एकच, त्यामुळे एक रीळ संपलं की पुढचं लावेपर्यंत दिवे लागायचे, आणि त्या वेळात फुटाणे खाऊन, झालेल्या भागाची चर्चा करून, लहान मुलांना एकदा दटावून व्हायचं. सिनेमे सगळे मारामारीचे. पुठ्ठ्याचे किल्ले, वाऱ्याने हलणारे दगडी खांब, एकच घोडा कधी राजाकडे तर कधी दरोडेखोराकडे. त्यांची नावं आमच्या तोंडात बसत नसत, म्हणून वहीत मी आमचीच नावं लिहायची: 'माकड आणि तिजोरी', 'उडता पलंग', 'मुक्याचा बदला'. अण्णांना वाटायचं आम्ही देवादिकांचे सिनेमे बघतो. आई त्यांच्याशी खोटं बोलली नाही. पहिला सिनेमा खरोखरच देवाचा होता. पुढे देव गेले आणि घोडे आले, हे त्यांनी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओट्यावर चर्चा. तिचे नियम आईने घातले होते. प्रत्येकीपुढे पोळपाट. जिचं लाटणं थांबलं तिचं बोलणं बंद. त्यामुळे कामही उरकायचं आणि कोणी एकटीच बोलत बसायची नाही. पीठ कुटताना वाद घालायला बंदी, कारण एकदा सरूकाकूंचं मुसळ वादाच्या भरात आईच्या बोटावर आलं होतं. लाट्या कापायची माझी जबाबदारी: पिठाची लांब वळकटी करायची, दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्यात, दुसरं दातात, आणि सटासट सारख्या लाट्या. वीस लाट्यांमागे एक तेलात बुडवून खायची परवानगी होती. ती चव आठवली की अजून तोंडाला पाणी सुटतं. हल्ली पापड मी विकत आणते, पण लाटी विकत मिळत नाही.

आता मूळ मुद्दा. 'रुमालवाली'ची गोष्ट अशी: दुष्ट दिवाण राज्य बळकावतो. राजाची भित्री मुलगी महालात वीणा वाजवत बसते, आणि तीच नाकाखाली काळा रुमाल बांधून, चाबूक घेऊन दिवाणाच्या माणसांना बडवते. सोबतीला एक इमानी पैलवान. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत होतं. घोटाळा मध्यावर होता. रुमालवाली घोड्यासकट पुलावरून नदीत पडते. दिवे लागतात. दिवे जातात, आणि रुमालवाली पवनचक्कीच्या छपरावर ठणठणीत, केसही ओले नाहीत, दहा जणांशी लढते आहे. पुन्हा दिवे. मग कोळी तिला नदीतून बाहेर काढतात आणि ती डोळे उघडते.

"दोघी हायेत," आईने पहिल्याच दिवशी निकाल दिला. "जुळ्या भैणी. एक व्हात चाललीया, तवर दुसरीनं गड सांभाळला. सोपं हाय की."

"मग राजाला एकच पोर कशी म्हनतो तो दिवान?" तान्हाबाई म्हणाल्या.

"दिवानाला म्हाईत न्हाई. दाईनं दुसरी लपीवली."

"दाई कुठं दाखवलीनी?" सरूकाकूंनी विचारलं. त्या चिपळूणकडच्या, पुरावा मागायची त्यांची सवय.

"सगळं दाखवत्यात व्हय? तुमी रोज आंघूळ करता, दाखवता का?"

सरूकाकूंचं लाटणं हसण्याने थांबलं, म्हणून त्यांचं बोलणं बंद. मी वहीत लिहिलं: ठराव, दोन बहिणी. पुरावे: एक, पुलावरच्या घोड्याचा एक पाय पांढरा, नंतरच्या घोड्याचे चारही काळे. दोन, छपरावरची डाव्या हाताने चाबूक मारते. अडचण: पैलवानाच्या दंडावर पुलाच्या वेळी कसलीशी पट्टी आहे, आणि छपरावर नाही, उलट छपरावर त्याला तिथेच सुरा लागतो.

"पट्टी नव्हे गो ती," पुन्हा लाटणं फिरवत सरूकाकू म्हणाल्या. "गंडा आहे. गंडा होता तवर मेल्याला काय झालं नाही. गंडा सुटला नि सुरा लागला."

याहून पक्कं स्पष्टीकरण मी आयुष्यात ऐकलेलं नाही. सगळ्यांनी मान्य केलं, आणि खात्री करायला पुन्हा जायचं ठरलं.

पण आम्ही एकट्याच नव्हतो. कनातीपलीकडे पुरुषांनीही विचार केला होता आणि त्यांचं ठरलं होतं की छपरावरची रुमालवाली हे भूत. तान्हाबाईंनी दुधाबरोबर 'दोन बहिणी' घरोघर घातल्या. सरूकाकूंच्या यजमानांनी भूत कारखान्यात नेलं. चार दिवसांत बहिणवाले आणि भूतवाले असे दोन पक्ष झाले, लोक दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा तिकीट काढू लागले आणि तंबूवाल्याने सिनेमाचा मुक्काम वाढवला. पुढच्या आठवड्यात मंगळवारी स्टोअरच्या खिडकीत एक फिटर स्क्रू घ्यायला आला आणि अण्णांना म्हणाला, "अण्णा राव, वहिनींना विचारा की, भूत नसंल तर तिची सावली का पडत न्हाई? पुऱ्या शिफ्टचा सवाल हाय."

अण्णांना काही माहीतच नव्हतं. ते घरी आले, टोपी खुंटीला लावली, पाय धुतले आणि मग शांतपणे म्हणाले, "कोणत्या देवाच्या सिनेमात बाई छपरावर चाबूक मारते?"

आईने भाकरी तव्यावरून काढली. "देव न्हाई त्यात."

"मग काय आहे?"

"गोष्ट हाय."

"शेंडा ना बुडखा, याला गोष्ट म्हणत नाहीत. मेलेली बाई कोरडी होऊन लढते! पोरगी बिघडेल असलं बघून." अण्णा ओरडत नसत, ते मुद्दे मांडत, आणि ते जास्त भीतिदायक होतं. "मी उद्या स्वतः बघतो. एकाला एक धरून नीट लागत असेल, तर आठवड्याला एकदा जा, माझं काही म्हणणं नाही. नसेल लागत, तर परवापासून तंबू बंद."

"आन् दुपारची बैठक?"

"तंबूच नाही तर बैठक कशाची?"

रात्रीची भांडी घासताना आई एकेक भांडं दोनदा घासत होती. मी वही मिटून ठेवली. तिला पुन्हा चौकटीला टेकून डबे मोजताना मला बघायचं नव्हतं.

बुधवारी अण्णा आले. कनातीपलीकडे असले तरी त्यांचा खोकला आम्हाला ओळखू येत होता आणि तो कोणत्या जागी येतो यावर आमचं लक्ष. पुलापर्यंत सगळं ठीक. छपरावरच्या मारामारीत बायकांनी शिट्ट्या मारल्या (तान्हाबाई मारायच्या, दोन बोटं घालून), पण पुरुषांकडून अण्णांचा चढा आवाज आला, "थांबा! हे आधीचं आहे!" कोणीतरी म्हणालं, "बसा की वो." ते बसले. सिनेमा संपल्यावर आम्ही बाहेर उभ्या राहिलो, तर अण्णा तंबूच्या मागे, मशीन चालवणाऱ्या हुसेनभाईंसमोर. पुढ्यात पत्र्याचे गोल डबे.

"माल आत आल्याशिवाय बाहेर जात नाही," अण्णा सांगत होते. "जखम व्हायच्या आधी पैलवानाला पट्टी बांधली कशी? तुमचा सातवा डबा आठव्याच्या जागी आहे."

हुसेनभाईंनी बिडी विझवली. "साहेब, नंबराच्या चिठ्ठ्या कणकेच्या खळीनं चिकटवलेल्या. दोन गावं मागं उंदरांनी खाल्ल्या. मग अंदाजानं लावलं." बिडी कानामागे ठेवून ते म्हणाले, "पण कुणी बोललं नाय. उलट पब्लिक दोनदा येतंय."

"चूक ती चूक. उद्या सरळ लावा." आणि अण्णांनी खिशातून पेन्सिल काढून, डबे पुसून, त्यांवर स्वतःच्या हाताने आकडे घातले. घरी येताना ते खुशीत होते. आई दहा पावलं मागे. हिशेब सोपा होता: गोष्ट एकाला एक धरून लागत होती, म्हणजे आई जिंकली. पण नीट लावल्यावर त्या गोष्टीत एकच मुलगी उरत होती.

गुरुवारी तंबू फुटेस्तोवर गर्दी. बहिणवाले आणि भूतवाले दोघांनाही आज निकाल लागेल असं वाटत होतं. महाल झाला. दिवे. छपरावरची मारामारी, पैलवानाला सुरा. दिवे. पट्टी बांधलेला पैलवान, पूल, नदी. दिवे. कोळी, होडी, रुमालवाली बाहेर. सगळं स्वच्छ, आपल्या जागी, फळीवर लावल्यासारखं. मग तान्हाबाई उभ्या राहिल्या.

"दुसरी कुठं हाय?"

"तुमी खाली बसा, बाई," मालकाचा माणूस म्हणाला.

"माज्या खळ्यावर मला बस म्हनतो? धा-बारा दिस दोन पोरी व्हत्या, आज एकच कशी? एक कुटं घातली?"

कनात वर उचलली गेली आणि खालून भूतवाल्यांची डोकी आली. "बाई बरोबर म्हणत्यात! आमचं भूत कुठंय?" त्यानंतर जे झालं ते मी वहीत 'गोंधळ' एवढंच लिहिलं आहे. हुसेनभाईंनी मशीन बंद केलं आणि हात जोडून सांगितलं, "मी काय नाय केलं. स्टोअरवाल्या साहेबांनी दुरुस्त केलं." शे-दीडशे डोकी अण्णांकडे वळली. त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच काहीतरी जागेवर नसल्याचं पाहिलं.

त्या दिवशी जेवणात दूध-भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. अण्णा बराच वेळ भाकरी कुस्करत बसले. मग म्हणाले, "मी म्हटलं तसं. गोष्ट लागते आहे. आठवड्याला एकदा जा."

"बरं," आई म्हणाली. त्या 'बरं'मध्ये काहीच नव्हतं.

"ते दोन बहिणींचं काय होतं?"

"काय न्हाई. डबं चुकलं व्हतं."

"तरी सांग की."

आईने आधी माझ्याकडे पाहिलं, मग चुलीकडे. सुरुवात तिने पुटपुटत केली. दाई, पावसातली रात्र, दोन टोपल्या. एक टोपली महालात, एक कोळीवाड्यात. महालातलीने वीणा उचलली, कोळीवाड्यातलीने वल्हं, म्हणून तिचा डावा हात बळकट. दोघींना एकमेकींची खबर नाही; पण एकीला ठेच लागली की दुसरी लंगडते. एक नदीत पडते त्या क्षणी दुसरी कोरड्या छपरावर श्वास कोंडून थांबते, आणि मग एवढ्या जोराने चाबूक मारते की तो आवाज पाण्याखाली पहिलीला ऐकू जातो. इथवर आईचा आवाज गावाकडच्यासारखा झाला होता. शेजारच्या खोलीतून सरूकाकूंची भांडी थांबली. अण्णांच्या ताटातलं दूध भाकरीने पिऊन टाकलं होतं आणि हात तसाच वाळलेला. लग्नाला सोळा वर्षं झाली होती, आणि मला वाटतं त्यांनी आईला सलग इतकं बोलताना तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

ती थांबल्यावर ते म्हणाले, "कोळी तिला बाहेर काढतात, ते कोळी कोण?"

"दुसरीला वाढीवल्याले. त्यास्नी वाटतं, आपलीच पोर."

अण्णांनी मान हलवली. "हे जास्त बरोबर आहे." हे त्यांच्याकडचं सर्वांत मोठं प्रशस्तिपत्रक. आई हसली आणि पदराने तोंड झाकून घेतलं.

शुक्रवारी ते कामावरून परस्पर तंबूत गेले, डब्यांवरचे स्वतःचे आकडे स्वतः पुसले आणि हुसेनभाईंना चूक होती तशी परत लावायला सांगितली. त्या दिवशी नदीनंतर कोरडी रुमालवाली छपरावर उभी राहिली तेव्हा झालेला जल्लोष पिंपरीपर्यंत ऐकू आला असं लोक सांगतात. लोक वाढवून सांगतात. त्यापुढच्या कासारवाडीपर्यंत मात्र नक्की गेला नसावा.

पुढच्या रविवारची हजेरी: आई, सरूकाकू, तान्हाबाई, मी आणि अण्णा. तत्त्व रजेवर. त्यांना पोळपाट दिला, कारण नियम सगळ्यांना सारखा. त्यांच्या पापडांना इतके कोपरे होते की तान्हाबाई म्हणाल्या, "दाजी, ह्यात तुमचा सातारा जिल्हा दिसतोय." अण्णा लाटत राहिले, कारण त्यांना बोलायचं होतं. त्यांनी रात्री कागदावर मांडलं होतं: मधले डबे चार, महाल, छप्पर, पूल आणि कोळी. चार डबे चोवीस तऱ्हांनी लावता येतात. एक सरळ, एक उंदरांनी लावलेला. म्हणजे बावीस गोष्टी अजून कोणी बघितलेल्याच नाहीत. "आपण दर रविवारी एक घेऊ," ते आईला म्हणाले. "मी क्रम सांगतो. तो बरोबर कसा, ते तू सांग."

तंबू पावसाळ्याआधी उठला तरी बैठक चालू राहिली. तिसऱ्या क्रमात पैलवान फितूर निघाला. पाचव्यात सगळं वीणा वाजवणारीचं स्वप्न ठरलं. त्यावर सरूकाकू इतक्या चिडल्या की स्वप्न रद्द करून दुसरं उत्तर द्यावं लागलं. सातव्यात भूतवाल्यांचं भूत घ्यावं लागलं, तेव्हा त्यांच्या प्रतिनिधी म्हणून फिटरच्या बायकोला बोलावलं आणि तीही कायमची सभासद झाली. सरळ तो पहिला आणि उंदरांचा तो दुसरा असे धरून अकरा क्रम पूर्ण झाले. मग अण्णांची पाळी रविवारची लागली, माझी मॅट्रिक आली, लग्न आलं, खोल्या सुटल्या. अण्णांना जाऊन आता सहा वर्षं झाली.

आई माझ्याकडे असते, संत तुकारामनगरात. परवा कपाट आवरताना वही निघाली. मी बारावा क्रम वाचून दाखवला, अण्णांच्या अक्षरातला: कोळी, महाल, पूल, छप्पर. यात कोळी रुमालवालीला नदीतून बाहेर काढतात, आणि ती नदीत पडते नंतर. आईने टीव्हीचा आवाज बारीक करायला लावला, दोनदा तो क्रम म्हणायला लावला आणि बोटांवर मोजला.

"म्हंजी पुलावरून पडायच्या आधी नदीत कुणीतरी व्हतं," ती म्हणाली. "दोघींतली न्हवं. तिसरीच कोनतरी."

"कोण?"

"थांब की जरा. घाई करू नगं."

आज चौथा दिवस. तिने अजून सांगितलेलं नाही. नोंद: बारावा क्रम चर्चेत, नदीतली बाई कोण ते ठरायचं आहे. त्यानंतरचे बारा शिल्लक.